भ्यायचं काम

आधी नाव लिहून ठेवतो, मग काय घडलं ते सांगतो. उखर्डू आबा. फैजपूरच्या अलीकडच्या एका गावात केळी कापणाऱ्या टोळीचे म्होरके, आणि त्याच गावच्या खंडेरावाच्या बारागाड्या ओढणारे भगत. त्यांच्याबरोबर त्यांच्या घरच्या जनाअक्का. या दोघांच्या ओट्यावर मी झोपलो, त्यांच्या चुलीवरचं खाल्लं. माणूस दुसऱ्या माणसाच्या मागं का उभा राहतो, यातलं मला जे थोडंफार कळलं ते त्यांच्याच अंगणात कळलं. नावं आधी लिहिली म्हणजे पुढं काही राहून गेलं तरी ही राहायची नाहीत. मला तशी सवयच आहे. इथं सुरतेत घराला कुलूप लावलं की ते पुन्हा पुन्हा ओढून बघतो, जिना उतरून परत वर जातो. सून हसते. हसू दे. ही धास्ती मला जन्माचीच आहे, आणि तिच्यामुळंच हे प्रकरण घडलं.

उखर्डू हे नाव आमच्याकडं कसं पडतं ते सांगतो. आधीची पोरं जगली नाहीत, की पुढच्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं आणि तिथून उचलून आणायचं, म्हणजे मरणाला वाटतं हा टाकलेला माल आहे, याला काय न्यायचं. आबा स्वतःच सांगायचे, "मले उकिरड्यावरून उचललं, म्हणून मी बी कोनालेबी उचलतो." मलाही त्यांनी तसंच उचललं. माझी शाळा आठवीत सुटली ती सुटलीच. मी साक्रीच्या पलीकडचा, आणि मजुरांच्या ट्रकमध्ये बसून केळीच्या मुलखात आलो. अंतर म्हणाल तर दिवसभराच्या एसटीचं. पण माझी बोली अहिराणी आणि यांची दुसरीच, त्यामुळं मला ते परदेशासारखं वाटायचं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आबा, आते बठ्ठा घड कोठे ठेवू?" बठ्ठा म्हणजे आमच्यात सगळे. टोळीतला प्रल्हाद नावाचा उंचापुरा गडी पोट धरून हसला. "बैठा? अरे, आम्ही तं समदे उभे हाये, बैठा कोन?" त्या दिवसापासून माझं नाव बठ्ठ्या पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव त्या गावात कोणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

केळी कापायचं काम जोडीनं चालतं. एक कापतो, एक झेलतो. झेलणाऱ्यानं घडाखाली पाठ करून उभं राहायचं, खांद्यावर वाळलेल्या पानाची चुंबळ ठेवायची आणि मान खाली घालायची. कापणारा मागून विळा चालवतो आणि म्हणतो, "घे!" त्या शब्दाबरोबर घड खांद्यावर येतो. शब्द जरा आधी आला तर झेलणारा हलतो आणि घड जमिनीवर आपटून माल जातो. उशिरा आला तर बेसावध मानेवर येतो आणि मान जाते. झेलणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. विळा दिसत नाही, हात दिसत नाही, नुसता आवाज येतो. मी भित्रा, म्हणून पहिले काही दिवस मान वळवून वळवून बघायचो. आबा रागावले नाहीत. विळा खाली धरून म्हणाले, "बघ, पोटभर बघ. बघून झालं की सांग, मंग कापतो." टोळी खोळंबलेली, ट्रक उभा, मालक घड्याळ बघतोय, आणि हा माणूस माझं बघून व्हायची वाट बघतोय. हळूहळू माझं बघणं आपोआप थांबलं. त्यांचं "घे" कधी आधी आलं नाही, कधी उशिरा आलं नाही. माझ्या त्या काळच्या सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, धुतल्यानं न जाणारे. चाळीसगावला मामाकडं गेलो तर मामी म्हणाली, हे कसले कपडे. मला मात्र ते डाग मिरवावेसे वाटायचे.

घर मातीचं, दोन खणांचं, पुढं ओटा. पहाटे जाग यायची ती अक्कांच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेली; थापताना तिचा आवाज जड येतो, साध्या भाकरीसारखा टपटप येत नाही. मागं केळीची बाग होती, तिच्यातून उन्हाळ्यात वारा सुटला की पानं चिरत जायची, फडफड फडफड, जणू कोणी जुनं धोतर फाडतंय. अक्का बोलायला फटकळ. मी दार लावलं की नाही ते बघायला उठलो की आतून आवाज यायचा, "बठ्ठ्या, चोर आला तं तुलेच घेऊन जाईन, अजून काय हाये आपल्याकडं? झोप." पण पानात पहिली भाकरी माझ्या. "याले दूरून आणलं, याची आई बघत असीन," म्हणायच्या. माझी आई कुठून बघणार? पण मी खरंच मान वर करून दाराकडं बघायचो.

आता बारागाड्यांचं सांगतो, कारण सुरतेत जन्मलेल्या माझ्या नातवंडांना ते सांगूनही खरं वाटत नाही. आमच्या खानदेशात गावच्या जत्रेला बारा बैलगाड्या एकामागं एक बांधतात. बैल नसतात. सगळ्या गाड्यांत माणसं बसतात, बाया, पोरं, म्हातारे, उभे राहायला जागा नाही इतकी. आणि सगळ्यात पुढचं जू एक माणूस पाठीवर घेतो आणि त्या बारा गाड्या देवळापर्यंत ओढतो. तो भगत. त्याच्या दोन्ही बगलांना दोन माणसं जू धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. मागून माणसं ढकलतात, पहिला हिसका उताराचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. पण मी सांगतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सकाळी माझ्या शेजारी बसून कांद्याबरोबर भाकरी खाणारा माणूस, अंगाला हळद, कपाळाला भंडारा, डोळे मिटलेले, आणि त्याच्या मागं अख्खं गाव घरंगळत येतंय. माती हादरत होती. मी गर्दीत हात जोडले ते मला कळलंही नाही.

त्याचे नियम कडक होते. हळद लागल्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत भगताला नावानं हाक मारायची नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. तोंडातून निघालंच तर देवाचं नाव. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की गाड्या निघाल्या की देवळापर्यंत थांबायच्या नाहीत. ज्याच्या गाड्या मध्ये थांबल्या त्याच्या अंगातला देव उतरला, त्यानं पुन्हा हळद लावायची नाही. आबांच्या आधीच्या भगताचं असंच झालं होतं. त्या म्हाताऱ्याला मी पाहिलेलं आहे. जत्रेच्या दिवशी तो गाव सोडून शेतात जाऊन बसायचा.

माझं तिथलं दुसरं की तिसरं वर्ष असेल. आखाजी जवळ आली होती. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी, आणि त्या गावच्या बारागाड्याही त्याच दिवशी. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, लिंबांना झोके बांधलेले, दुपारभर बायकांची गाणी. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, सालही आखाजीलाच संपतं, म्हणून दूरचा माणूस त्या दिवशी घरी पळतो. मीही पिशवी भरली होती. अक्का अंगणात चुलीवर खापर पालथं घालून मांडे करत होत्या. पुरणाची पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि खापरावर अलगद टाकायची, ती कला. आबा आंब्याचा रस काढत बसले होते. मला म्हणाले, "पिशवी ठिव. यंदा तू बगल्या. उजवीकडचा."

प्रल्हाद ओट्यावरच होता. तो आबांचा डाव्या बगलेचा गडी, कितीतरी वर्षांचा. त्याच्या हातातला आंबा तसाच राहिला. "आबा, हा? कुत्रं भुंकलं तं हा अक्काच्या मागं लपतो."

"म्हणूनच."

"उजवीकडं तात्याचा पोऱ्या हाये, पैलवान. असले चार आडवे करीन तो."

"पैलवानाले भेव नही," आबा कोय चोखत म्हणाले. "तू बी भीत नही, मी बी भीत नही. गाडीत बसेल तो बी भीत नही, देव हाये म्हणतो. मंग भ्यायचं काम कोन करीन? बारा गाड्याले एक तं भिणारा पायजे ना, भो."

अक्का खापरावरून मान न वळवता म्हणाल्या, "मंग याच्यासारखा दुसरा तालुक्यात नही भेटायचा."

सगळे हसले, मीही हसलो. मी म्हणालो, "आबा, माले भेव वाटस." ते म्हणाले, "माहीत हाये. ऐक. मी पळतो तव्हा मले पुढचं दिसत नही, मागचं दिसत नही. खाली मान, नुसती माती दिसते. प्रल्हाद पुढं बघतो. तू एक हात जूवर ठिवायचा आन् मागं चाकाकडं बघायचं. बस. देवाकडं बघू नको, माह्याकडं बघू नको." मग रसाचे हात धुता धुता जरा वेळानं, मला नाही, असंच बोलले, "त्या गाडीत बसून कसं दिसत असीन रे? मी तं जन्मभर मातीच पाह्यली." ते बोलणं तेव्हा मला हसण्यावारी वाटलं.

आखाजीच्या दिवशी ऊन इतकं होतं की देवळाच्या पायरीवर पाय ठरत नव्हता. घरोघरी पितरांच्या घागरी भरलेल्या, वर खरबूज ठेवलेलं. उतरत्या उन्हाला आबांना हळद लावली. ज्या क्षणी हळद लागली त्या क्षणी ते बदलले, म्हणजे मला तरी तसं दिसलं. मघाशी अक्कांशी तंबाखूवरून भांडणारा माणूस एकदम दूर गेला. त्यांनी गाड्यांना फेऱ्या मारल्या, प्रत्येक चाकाला हात लावला, आणि जू पाठीवर घेतलं. उजव्या बाजूला मी उभा राहिलो. त्यांच्या अंगाचा हळदीचा आणि घामाचा वास येत होता. मला वाटत होतं, मी माणसाशेजारी उभा नाही, एखाद्या भरलेल्या नदीच्या काठाला उभा आहे. मागून आरोळी उठली, "येळकोट येळकोट," आणि बाकीचं गावानं पुरं केलं. भंडाऱ्याच्या मुठी उडाल्या. हवा पिवळी झाली. जू हललं.

गाड्या निघतात तेव्हा आधी आवाज येत नाही, लाकूड नुसतं कण्हतं. मग बारा गाड्यांची चोवीस चाकं एकदम बोलायला लागतात. आम्ही पळत होतो. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, त्यांचे हात, त्यांची तोंडं, हे सगळं डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं. मी मान मागं वळवून पहिल्या गाडीच्या उजव्या चाकाकडं बघत होतो, सांगितलं होतं तसं. ते चाक माझ्याहून उंच वाटत होतं. वळणावर गाडी जरा कलली, वर बसलेल्या बाया किंचाळून हसल्या, आणि त्या पिवळ्या धुरळ्यातून काहीतरी लाल खाली आलं. चाकापुढं. लाल, आणि त्यातून एक हात बाहेर आल्यासारखा हलला.

मी ओरडलो. नियम, देवाचं नाव, काही आठवलं नाही. त्या गावची बोलीसुद्धा आठवली नाही. माझ्या आईच्या बोलीत ओरडलो, "आबा, थांब! चाकखाले मानूस शे!"

पलीकडून प्रल्हादनं माझ्यावर डोळे वटारलेले मला दिसले. आणि आबा थांबले. विचारलं नाही, मागं बघितलं नाही, "खरंच का?" असा अर्धा श्वासही घेतला नाही. बारा गाड्या एकदम थांबवता येत नाहीत. नुसता उभा राहिला तर भगतच चाकाखाली जातो. त्यांनी जू डाव्या अंगाला वळवलं, आम्हाला दोघांना घेऊन वळवलं, आणि पहिली गाडी रस्त्याच्या कडेच्या भुसभुशीत मातीत घातली. गुडघ्यावर पडले, उठले, पुन्हा पाय रोवले. मागच्या गाड्या एकमेकींवर अडखळत, करकरत उभ्या राहिल्या. इतका वेळ जो गलका होता तो असा तुटला की झाडावरचे कावळे ऐकू यायला लागले.

मी चाकाजवळ धावलो. चाकाला अगदी टेकून पडली होती ती गोधडी होती. जुन्या लाल लुगड्याची, गाडीत बसायला अंथरलेली. तिचं सुटलेलं टोक वाऱ्यानं हलत होतं. वरून एक म्हातारी वाकून म्हणाली, "अगं बाई, माही गोधडी! दे रे बाबा वर."

आधी हसू फुटलं. मग हसण्याचं काय झालं ते मी विसरू शकत नाही. ते एका कडेनं आंबत गेलं. प्रल्हाद माझ्या छातीशी येऊन उभा राहिला. "गोधडीसाठी देव थांबवला रे तू, बठ्ठ्या! गोधडीसाठी!" गावचे वडील माणूस होते, सगळे त्यांना नाना म्हणत, ते काठी टेकत पुढं आले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखच होतं. "आबा, गाड्या थांबल्या. आता काय राह्यलं?" मला वाटलं जमीन फाटावी. माझ्यापायी त्या माणसाचं भगतपण गेलं होतं. मी त्यांच्या पायाकडं बघत होतो, गुडघ्यातून रक्त येत होतं, हळदीवरून ओघळत होतं.

आबांनी पहिलं विचारलं ते हे, "कोनाले लागलं नही ना?" नाही म्हणाले. मग ते नानांकडं वळले. धाप लागली होती, शब्द तुटत होते, पण सगळ्यांना ऐकू आलं.

"नाना, त्यानं सांगितलं, मी थांबलो. गोधडी निघाली, चांगलं झालं. मानूस असता तं? आज मी त्याचं नसतं ऐकलं, तं पुढच्या साली मानूस पडल्यावर त्याचं तोंड उघडलं असतं का? मी त्याले भ्यायलेच ठिवलं हाये. त्यानं त्याचं काम केलं."

"पण देव उतरला ना, भो," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"उतरला तं उतरला. गाडीत बसून बसून त्याचे बी पाय आखडले असतीन." एकदोन जण हसले. आबांनी पुन्हा जू उचललं. पहिली गाडी मऊ मातीत रुतलेली, मागं अकरा अडकलेल्या, पुढं उतार नाही, सपाटी. त्यांनी ओढून बघितलं. प्रल्हादनं तोंड फिरवलं होतं, तरी त्यानं ओढलं. मीही ओढलं. चाक हललं नाही. लोक गाडीत बसून बघत होते. आबांनी मान वर केली. मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. हळदीखालचा तोच आमचा आबा, ओट्यावरचा. त्यांनी मागं गाड्यांकडं बघितलं आणि पोटातून हाक दिली.

"बठ्ठा!"

माझा शब्द. ज्या शब्दावर ते गाव मला हसत आलं होतं, तो त्यांनी अंगाला हळद लावलेली असताना देवाच्या नावासारखा उच्चारला. क्षणभर कोणाला कळलं नाही. काहींना ते हसण्यातलं 'बैठा' ऐकू आलं, म्हणजे बसलेले; काहींना तोवर माझ्यामुळं अर्थ माहीत झाला होता, म्हणजे सगळे. आणि गंमत अशी की दोन्ही अर्थ एकच झाले. जे बसले होते ते सगळे उतरायला लागले. आधी ती गोधडीवाली म्हातारी. "सरक रे, मले उतरू दे, माह्याच गोधडीनं केलं." मग बाया, मग माहेरवाशिणी हातातल्या पोरांसकट, मग माणसं. कोणी चाकाच्या आऱ्यांना हात घातले, कोणी धुऱ्यांना, कोणी नुसते एकमेकांच्या पाठीला. आबा पुन्हा म्हणाले, "बठ्ठा!" आणि चाकं बोलली. प्रल्हादनं माझ्याकडं बघितलं आणि ओरडला, तोच शब्द. मग ती हाक मागं मागं गेली, बाराव्या गाडीपर्यंत, आणि पलटून पुढं आली. मी जूवर हात ठेवून मागं चाकाकडं बघत चाललो होतो, आणि मला चाक दिसत नव्हतं, इतकं डोळ्यांत पाणी होतं. एवढी एकच वेळ मी माझं काम नीट केलं नाही.

गाड्या देवळाला लागल्या. पण रिकाम्या लागल्या, आणि मध्ये थांबून लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं बसली. वाईट कोणीच बोललं नाही. नानांना बोलताना भरून आलं. नियम मात्र नियम होता. आबांनी भगताचा पिवळा पटका घडी करून आणलाच होता, विचारायची वाट न बघता. तो त्यांनी प्रल्हादच्या खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "चाल, ट्रक उभा असीन." आम्ही बागेत गेलो. मी पाठ करून उभा राहिलो. मागून काही आवाज येईना. बऱ्याच वेळानं "घे" आलं. आवाज नेहमीसारखाच होता. मी मागं वळून बघितलं नाही. आजही मला वाटतं, त्या मधल्या वेळात ते काय करत होते ते न बघितलं तेच बरं केलं.

पुढच्या आखाजीला मला वाटलं होतं की मला कोणी विचारणार नाही. प्रल्हाद हळद लावून घ्यायच्या आधी अंगणात आला. जरा इकडंतिकडं बघितलं, अक्कांना रामराम केला, मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बठ्ठ्या, उजवीकडं उभा राह्य. आबा म्हणे, भिणारा दुसरा नही भेटत." मी विचारलं, "आन् मी परत वरडलो तं?" तो म्हणाला, "तं थांबू. काय करतो?" आबा ओट्यावर आंबे पिळत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण पिळायचा हात थांबला होता.

नंतर मी सुरतेला आलो, कापडाच्या लूमवर लागलो, लग्न, पोरं, सगळं इथंच. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलं. पुढाऱ्यांची भाषणं इथंही होतात, आमच्या सोसायटीसमोरच मांडव पडतो. हात वर करून माझ्यामागं या म्हणणारे मी पुष्कळ बघितले. मी मागच्या खुर्चीवर बसतो आणि माझं लक्ष भलतीकडंच असतं. याच्या उजव्या बाजूला कोण उभा आहे, आणि तो भिणारा आहे का, आणि त्यानं ओरडलं तर हा ऐकेल का, एवढंच मी शोधत असतो. बहुतेकांच्या बाजूला पैलवानच दिसतात.

यंदाच्या आखाजीला प्रल्हादच्या पोरानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. आता तो ओढतो. बारा गाड्या तशाच, माणसं तशीच, धुरळा तसाच पिवळा. त्यानं एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. गाड्या सुटायच्या वेळी आता भगत "बठ्ठा" म्हणतो, गाव "बठ्ठा" म्हणतं, आणि पोरांना वाटतं हे देवाचंच काहीतरी जुनं आहे. मी तो तुकडा कितीदा ऐकला. आणि मग कडेला एका बाजेवर बसलेला माणूस दिसला. नव्वदीच्या पुढचा, पांढरा सदरा, हात कपाळाशी धरून उन्हातून गाड्यांकडं बघणारा. अक्का गेल्याचं मला मागंच कळलं होतं. आबा आहेत. ते गाडीत कधी बसले नाहीत. ओढत होते तेव्हा बसायचा प्रश्नच नव्हता, आणि नंतर त्यांनी कोणाला म्हटलं नसेल, कोणाला सुचलंही नसेल.

त्यांनी गोधडीपायी जे सोडलं ते मला परत देता येणार नाही, हे मला कळतं. पण एक आहे. पुढच्या आखाजीला मी जाणार आहे. मुलाला सांगून ठेवलंय, रेल्वेचं रिझर्वेशन झालं का ते रोज विचारतो, तो वैतागतो. आबांना उचलून मी पहिल्या गाडीत बसवणार, उजव्या बाजूला, खाली जाड गोधडी घालून, म्हणजे त्यांना वरून गाव कसं दिसतं ते एकदा दिसेल. आणि मी चाकाजवळून चालणार. पळता येत नाही आता, गुडघे गेले, तर प्रल्हादच्या पोराला सांगेन की सावकाश घे, बाबा. ओढायचं बळ माझ्यात राहिलेलं नाही. पण भ्यायला मला अजून येतं.